महिना एक रुपया दंड

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर पत्र्याची ट्रंक, दोन खुर्च्या, एक छोटा पांढरा फळा. चाळिशीतली बाई येते. पाठीवर सॅक, हातात पूजेची घंटा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला की ती सासरे होते, ओढणी खोचली की बाकीचे सगळे.)

(घंटा जोरात वाजवते.)

बघितलंत? नाट्यगृहाची तिसरी घंटा झाली तरी तुमची कुजबुज चालू होती. ही वाजली आणि सगळे गप्प. घंटा पूजेची आहे, पण वाजवली मी शाळेसारखी. त्या काकांनी तर हाताची घडी घातली. सोडा काका, सोडा. मी बाई नाही. म्हणजे होते. वर्षभर.

आम्ही आमची दोन्ही मुलं वर्षभरासाठी शाळेतून काढली.

(थांबते. कान टवकारते.)

हा जो आत्ता 'अगंबाई' असा आवाज आला ना, तो मी डोंबिवलीपासून तंजावरपर्यंत ऐकलाय. थोरली पाचवी झालेली, धाकटा तिसरी. त्यांना घरी शिकवायचं आणि देश हिंडायचा, अशी योजना. आता 'घरी' म्हणजे घरीसुद्धा नाही, कारण घर भाड्यानं दिलं होतं. त्याशिवाय हिंडायला पैसे कुठून येणार? आणि भाडेकरार आपल्याकडे किती महिन्यांचा असतो? (प्रेक्षकांकडे कान करून) अकरा! म्हणून आमचं वर्षही अकरा महिन्यांचं. परदेशातली कुटुंबं म्हणे जगाच्या नकाशावर बोट ठेवून तारीख ठरवतात. आमची तारीख इस्टेट एजंटनं ठरवली.

कल्पना नवऱ्याची. त्यानं कुठल्याशा परदेशी कुटुंबाचा व्हिडिओ बघितला. बोटीवर राहतात, मुलं डॉल्फिन बघत भागाकार करतात. मी म्हटलं, आपल्या मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवलं तरी भागाकार येत नाही, डॉल्फिन दिसल्यावर कसा येईल? पण हा ऐकेना. म्हणाला, "मुलं जग बघून शिकतील." म्हटलं, आणि शिकवणार कोण? "आपण." हा जो 'आपण' आहे ना, बायकांनो, तुम्हाला माहितीय तो कोण असतो.

मग शाळेत गेलो दाखला काढायला. (ओढणी खोचते, खुर्चीत बसते, वर न बघता) "कारण?" म्हटलं, प्रवास. "बदली?" नाही, प्रवास. "मिस्टरांची नोकरी गेली का?" नाही हो. "मग घरात काही..." (आवाज खाली आणून) "...बोलू शकता तुम्ही माझ्याशी." शेवटी क्लार्कनं दाखल्यावर लिहिलं. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं कारण: पालकांच्या विनंती अर्जावरून. म्हणजे पुढे मुलांचं काही वाकडं झालं तर दोष कुणाचा, ते आधीच सही-शिक्क्यानिशी नोंदवून मोकळे.

पण शाळेचं काय हो, शाळा परकी. खरी परीक्षा कोल्हापूरला. माझे सासरे, नाना. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. अजून पेपरातल्या बातम्या लाल पेनानं तपासतात. त्यांना सांगायला आम्ही दोघं गेलो. नवऱ्यानं सांगितलं. म्हणजे तो म्हणाला, "नाना, हिला काहीतरी सांगायचंय."

(चष्मा नाकाच्या शेंड्यावर.) "सूनबाई, 2009 चा शिक्षण हक्क कायदा वाचलाय का? कलम 10. पोराला शाळंत घालणं हे आईबापाचं कर्तव्य हाय."

(चष्मा वर.) मी अभ्यास करून गेले होते. म्हटलं, वाचलाय नाना, पण नाही घातलं तर आईबापाला शिक्षा काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.

(चष्मा खाली.) "दिल्लीला सुचली नसंल. कोल्हापूरला सुचली हुती. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळंत न धाडणाऱ्या आईबापाला दंड. महिना एक रुपया. काढा."

मला वाटलं, थट्टा करतायत. हात तसाच पुढे. "दोन पोरं. दोन रुपये. आगाऊ." नवऱ्यानं गंमत म्हणून मोबाइलवरून पाठवले. दोन मिनिटांत पावती! हातानं लिहिलेली, फोटो काढून पाठवलेली. 'पाल्य दोन, माहे जून, अक्षरी रुपये दोन फक्त.' खाली सही, त्याखाली तारीख. मी म्हटलं, नाना, 1917 चा रुपया म्हणजे आजचे किती झाले असते! "झाले असते. पण महागाई मी धरत नाही. घरचीच माणसं हाईत."

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला, आम्ही कुठेही असू, फोन वाजायचा. बडोद्याला होतो तेव्हा तर म्हणाले, "जपून ऱ्हावा. सयाजीराव महाराजांनी 1906 सालीच संस्थानभर सक्ती केलीया. तिथं शाळंच्या वेळंत पोरं घेऊन रस्त्यावर फिरू नका." आणि खरं सांगते, आम्ही त्या दिवशी दुपारी लॉजवरून बाहेर पडलो नाही.

(फळा ट्रंकेवर उभा करते.)

तर, शाळा भरली. पहिला दिवस. मी वेळापत्रक केलं. सात ते आठ गणित, आठ ते नऊ मराठी, नऊला नाश्ता, मग परिसर अभ्यास. मुलं म्हणाली, आई, आपण शाळा सोडली ना? म्हटलं, हो. "मग ही कुठली?" नवऱ्यानं स्वतःला प्रिन्सिपल नेमून घेतलं होतं. खरे प्रिन्सिपल जसे असतात तसाच वागायचा. दिवसातून एकदा दारातून डोकावायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि महत्त्वाचा फोन आल्यासारखा निघून जायचा.

आणि पालक सभा! मुलं म्हणाली, शाळा आहे तर पालक सभा पाहिजे. झाली. लॉजच्या खोलीत. (एका खुर्चीत बसते, गोड आवाजात) "नमस्कार मॅडम, आमचा धाकटा कसा आहे?" (पटकन दुसऱ्या खुर्चीत, कडक) "हुशार आहे हो, पण लक्ष नाही. घरी कोण घेतं अभ्यास?" (पहिली खुर्ची, ताठ) "मीच घेते." (दुसरी) "मग तिथेच चुकतंय." (पहिली, उसळून) "घरी आम्हीच सगळं करायचं तर शाळेत तुम्ही काय करता?" (दुसरी, उभी राहून) "एका बाईनं दोन वर्ग एका खोलीत सांभाळून बघा, मग बोला!" (पहिली) "आम्ही वर तक्रार करू!" (दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये उभी राहते.) 'वर' म्हणजे प्रिन्सिपल. तो झोपला होता.

प्रवासात एक कळलं. आपल्या देशात रस्त्यावर शाळकरी मूल दिसलं की प्रत्येकाला तपासणी अधिकार असतो. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढून आम्ही वेरूळ, लोणार करत होतो. कंडक्टर तिकीट बघायच्या आधी मुलांकडे बघायचा. "आता कसली सुट्टी?" लॉजचा मॅनेजर, "सुट्टी लागली का?" केळीवाली, "पोरं आजारी हाईत का?" लोणारला त्या प्रचंड विवराच्या काठावर आम्ही उभे. आकाशातून अशनी येऊन आदळला, काळा कातळ फुटला, केवढं तळं झालं! मी भारावून सांगतेय. शेजारच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण यांची सहामाही कधी?"

मग भोपाळ. सांचीच्या वाटेवर कर्कवृत्ताची पाटी आहे. मला केवढा आनंद! जन्मभर नकाशात बघितलेली ती तुटक रेघ. आम्ही उतरलो. धाकटा इकडे बघतो, तिकडे बघतो. "रेघ कुठाय?" मी म्हटलं, बाळा, ती काल्पनिक असते. "मग आपण एवढ्या लांब काल्पनिक गोष्ट बघायला आलो?" (हताश) त्याला समजावलं. साडेतेवीस अंश उत्तर. या बाजूला उष्ण कटिबंध, त्या बाजूला समशीतोष्ण. 21 जूनला भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर. तो एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभा राहिला. डोळे मिटले. म्हणाला, "हो गं, या पायाला जास्त गरम होतंय." नवरा म्हणाला, "बघ, अनुभवातून शिक्षण!" त्या पायाखाली डांबर होतं.

ग्वाल्हेरची गोष्ट मात्र मी दर प्रयोगात सांगते. किल्ला चढताना वाटेत डोंगरातच कोरलेलं छोटंसं देऊळ आहे, चतुर्भुज विष्णूचं. तिथे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. त्यात आकडा कोरलाय 270. आणि त्या 270 मधलं शून्य आपण आज काढतो ना, तसंच, गोल! जगभरातून गणिताची माणसं ते गरगरीत शून्य बघायला येतात. आणि शून्य कशासाठी वापरलंय? कुठल्या राजाच्या खजिन्यासाठी? छे. देवाच्या फुलबागेच्या मापासाठी. बाग 270 हात लांब, 187 हात रुंद. त्या बागेतून देवाला रोज 50 माळा. मला तर गहिवरून आलं. मी खाली वाकून त्या शून्याला नमस्कार केला.

मागून धाकट्याचा आवाज. "आई, मला गणितात हेच मिळालं होतं तेव्हा तू रडलीस."

(थांबते.)

काय बोलणार? मग अंगातली बाई जागी झाली. म्हटलं, चल, बागेचं क्षेत्रफळ काढ. 270 गुणिले 187. देवळाच्या पायरीवर बसून काढलं त्यानं. चुकलं, परत काढलं. पन्नास हजार चारशे नव्वद चौरस हात. मी खूश. तो विचारात. म्हणाला, "एवढ्या मोठ्या बागेत फक्त 50 माळा? बाकीची फुलं कुणी नेली?" अकराशे वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. आणि हा प्रश्न कुठल्या विषयात बसवायचा, गणित की नागरिकशास्त्र, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथेच थोरलीला मी गोडसे भटजींची गोष्ट सांगितली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, ग्वाल्हेरकरांचा मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली निघाले. आणि सापडले कशात? बंडात! झाशीत अडकले, लुटले गेले, पण काशीला गेले आणि गंगेची कावड घेऊन परतले. नंतर सगळं लिहून काढलं, 'माझा प्रवास'. थोरली म्हणाली, "म्हणजे ते पैसे कमवायला निघाले आणि गमावून आले. आपण डायरेक्ट गमवायलाच निघालोय."

(ट्रंकेवर बसते.)

तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी 1676 च्या सुमाराला तिथे मराठ्यांची गादी स्थापन केली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, मराठीत. आजूबाजूला सगळी तमिळ, आणि मध्येच भिंत मराठीत बोलायला लागते. धाकटा म्हणाला, "यांनी भिंतीवर लिहिलं तर तू फोटो काढतेस. मी लॉजच्या भिंतीवर लिहिलं तर डिपॉझिट गेलं."

हे सरफोजी म्हणजे अफाट माणूस. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, छापखाना आणला, डोळ्यांचे रोगी तपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. थोरलीनं विचारलं, "ते कुठल्या शाळेत होते?" नवरा उठून उभा राहिला. हीच संधी! "श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्यांनी त्यांना शिकवलं. बघ, होमस्कूलिंग!" "आणि मोठे झाल्यावर त्यांनी काय केलं?" नवऱ्यानं पुस्तकात बघितलं. (पडेल आवाजात) "...शाळा काढल्या."

देवळाच्या आवारात एक वृद्ध गृहस्थ भेटले, तंजावरी मराठी बोलणारे. त्यांची मराठी ऐकताना वाटतं, जुनी बखर लुंगी नेसून समोर उभी राहिलीय. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला, भात-सांबारात मुरले, असा हा मराठी माणूस. मी गहिवरून ऐकतेय, आता हे काय विचारतील? रायगड कसा आहे? महाराजांची समाधी पाहिली का? त्यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, मुलं कितवीत आहेत!

(घंटा एकदाच वाजवते.)

फेब्रुवारीत पैसे संपत आले. नवरा म्हणाला, आता 'ग्रामीण जीवनाचा अभ्यास' करू. म्हणजे कोल्हापूरला नानांकडे जाऊ, तिथे जेवण फुकट आहे. नानांचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. कारखान्याचा हंगाम चालू होता. शिवारात बीडकडून आलेल्या टोळ्या, पालं ठोकलेली. नवरा-बायको पहाटे फडात उतरतात. दोघांचा मिळून एक 'कोयता' मोजतात. एका माणसाचा हिशोबच नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. दिवाळीच्या आसपास घर सोडायचं ते उन्हाळा लागल्यावर परत.

तिथे थोरलीएवढीच एक मुलगी, कडेवर भाऊ, पालासमोर भाकरी थापत होती. या दोघी बोलायला लागल्या. थोरली म्हणाली, आम्ही पण वर्षभर शाळेत नाही, आईबाबांबरोबर गावोगाव हिंडतो. ती मुलगी एकदम आपलेपणानं सरकून बसली. म्हणाली, "तुमचा मुकादम कोन हाय?"

थोरली म्हणाली, नाही गं, आम्ही असंच.

"असंच कोन हिंडतं? उचल किती घेतली?"

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आम्ही आमचेच पैसे घातले. ती पोरगी इतकी हसली, इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. आईला हाक मारून सांगितलं, "आये, ह्ये बघ, ह्ये पदरचं पैसं घालून शाळा बुडिवत्यात!"

अकरा महिन्यांत आमच्या योजनेचं एवढं अचूक परीक्षण कुणी केलं नव्हतं. त्या पोरीला कारखान्यांच्या नावांवरून चार जिल्हे ओळखता येत होते. उसाच्या मोळ्यांचा हिशोब तोंडी. माझ्या वेळापत्रकात हे सगळं 'अनुभवाधारित शिक्षण' म्हणून लिहिलेलं होतं. तिच्या हजेरीपटावर नुसत्या फुल्या.

नाना मागेच उभे होते. मी घाबरले. म्हटलं, आता हे त्या पोरीच्या बापाकडे रुपया मागणार. (चष्मा खाली. बराच वेळ गप्प.) "हिच्या बापाकडून न्हाई घ्यायचा. मुकादमाकडून घ्यावा, तर त्यो म्हणंल कारखान्याला इचारा. कारखान्यात गेलो तर तिथं साहेबांच्या खुर्चीमागं शाहू महाराजांचा फोटो लावलेला असंल. दंड मागू कुणाला?" त्या महिन्यात त्यांनी आमच्याकडून मात्र दोनाऐवजी चार रुपये घेतले. पावतीवर कारण लिहिलं नाही.

(उठते. सॅक परत पाठीवर.)

एक मे. भाडेकरू गेले, आम्ही परत. शाळेत प्रवेश मिळायला अडचण नाही. कायद्यातच आहे, मूल मध्ये कुठेही असो, वयानुरूप वर्गात बसवायचं. अडचण आली संगणकाची. जुन्या शाळेनं नाव सोडलेलंच नव्हतं, त्यामुळे पोर्टलवर आमची मुलगी वर्षभर पाचवीतच बसून होती. आम्ही तंजावरात, ती डोंबिवलीत. क्लार्क म्हणाला, (वर न बघता) "मॅडम, सिस्टीमप्रमाणे तुम्ही कुठे गेलेलाच नाहीत."

पहिली चाचणी झाली. थोरली सातवीत. भूगोलाच्या पेपरात एका मार्काचा प्रश्न: कर्कवृत्त भारतातल्या कोणकोणत्या राज्यांतून जातं? मला वाटलं, जिंकलो! ही पोरगी त्याच्यावर उभी राहून आलीय! तिनं पान भरून लिहिलं. पाटी, डांबर, भावाचा पाय, सगळं. शेवटी राज्यं लिहिली. सात. मिझोराम राहिलं. आठ पाहिजे होती. मिळालं शून्य.

पेपर घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. माझा चेहरा पडलेला. धाकटा आला, पेपर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आई, पाया पड."

(हसू ओसरू देते.)

मुलं आठवड्यात रुळली हो. डबा, दप्तर, रिक्षा, सगळं पूर्ववत. सकाळी सातला फळ्यासमोर जाऊन उभी राहते ती मीच. तेव्हा, तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असं वर्ष घोळत असेल तर खुशाल निघा. दाखल्याच्या चार झेरॉक्स काढा, मूळ दाखला लॅमिनेट करू नका, पोर्टलवरून नाव सुटल्याची खात्री केल्याशिवाय गाडीत बसू नका. आणि मुलं आठवीत जायच्या आत जा. शाळा वर्षभर सोडते. पण आठवीला क्लास लागतो, आणि क्लासची भरलेली फी परत मिळत नाही.

(घंटा वाजवते. पडदा.)